‘विनम्र अभिवादन’ लिहून झाल्यावर काय?



गेल्या वर्षी आमचा एक मित्र गेला. वय अवघे ३८. नागसेनवनात शिकत असताना वसतिगृहाच्या एकाच खोलीत आम्ही पाच जण राहायचो, त्यातला तो एक. पुढे कोणी शिक्षक झाला, कोणी बँकेत लागला, मी सामाजिक कामाच्या क्षेत्रात आलो. तो मात्र पूर्णवेळ चळवळीतच राहिला. शिष्यवृत्तीचा अर्ज अडला, जातपडताळणीचे प्रकरण लटकले, गावात मारहाण झाली आणि ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नाहीत, अशा वेळी लोकांचा पहिला फोन त्याला जायचा. मधुमेह त्याने अंगावर काढला. दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आणि आठ महिन्यांत माणूस संपला.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या जुन्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चारशेच्या वर संदेश आले. निळ्या पार्श्वभूमीवर त्याचा फोटो, वर तथागतांची मूर्ती, खाली ‘विनम्र अभिवादन’. ‘झुंजार कार्यकर्ता हरपला.’ ‘चळवळीची कधीही भरून न निघणारी हानी.’ मीही असेच काहीतरी लिहिले. रडत लिहिले, त्यात खोटे काही नव्हते. पाचव्या दिवशी कोणीतरी नोकरभरतीची जाहिरात टाकली, त्याखाली कोणीतरी शुभ सकाळचा फोटो टाकला आणि ग्रुप पूर्वीसारखा चालू झाला.

यात मी कोणाला दोष देत नाही. जग थांबत नाही, थांबूही नये. पण ‘विनम्र अभिवादन’ लिहून झाल्यावर आपले काम संपते का, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

कागद कोणीच मागितले नाहीत

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे त्याच्या घरी जमलो. दहा बाय बाराची खोली, मागे छोटेसे स्वयंपाकघर. त्रिशरण, पंचशील झाले, भन्तेजींची देसना झाली. मग मित्र बोलायला उभे राहिले. येताना प्रत्येकाने काही ना काही आणले होते. एकाने वसतिगृहाच्या मेसचे कार्ड जपून ठेवले होते, त्याच्या मागे आमच्या मित्राच्या अक्षरात उधारीचा हिशेब. एकाकडे त्याने दिलेला अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. एका शिक्षक मित्राने आपला शिष्यवृत्तीचा जुना अर्ज आणला होता. तो अर्ज त्याच्यासाठी आमच्या मित्राने भरला होता, कारण याला इंग्रजीतला फॉर्म कळत नव्हता. आज हा माणूस मुलांना इंग्रजी शिकवतो.

आणि बहुतेक सगळ्यांकडे एक समान वस्तू निघाली, ती म्हणजे चैत्यभूमीवरून आणलेली पुस्तिका. दर वर्षी ६ डिसेंबरला तो दादरला जायचा आणि शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून दहा-वीस रुपयांच्या पुस्तिका गठ्ठ्याने आणून मित्रांना वाटायचा. प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तारीख आणि एक ओळ लिहायचा. ‘६-१२-२००९, पहाटे ४, रांग हलत नाही.’ ‘६-१२-२०१४, सोबत आई, तिचे पहिलेच दादर.’ त्या दिवशी आम्ही ती पाने एकमेकांशेजारी ठेवली, फोटो काढले, आणि जे आले नव्हते त्यांनी आपापली पाने ग्रुपवर पाठवली. बारा वर्षांची बारा पाने. कोणाही एकाकडे नसलेले त्याचे आयुष्य आम्हा सगळ्यांना मिळून सापडले. एका मोर्चाच्या वर्षावरून दोघांचा कायम वाद व्हायचा. तोही एका पानावरच्या ओळीने मिटला, आणि दोघेही चुकीचे निघाले.

मी वहिनींना विचारले, “त्याचे बाकीचे कागद कुठे आहेत? डायऱ्या, फायली?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “दोन पोती होती, भाऊजी. पाहुणे यायचे म्हणून जागा करायची होती. रद्दीवाल्याला दिली. तुम्ही सगळ्यांनी फोटो मागितले. कागद कोणीच मागितले नाहीत.”

त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. गेल्या कितीतरी दिवसांत आमच्यापैकी प्रत्येकाने त्यांच्याकडे ‘दादाचा एखादा चांगला फोटो पाठवा’ असा निरोप धाडला होता. बॅनरसाठी फोटो हवा होता, स्टेटससाठी हवा होता. त्या पोत्यांत काय होते हे आम्हाला पंधरा दिवसांनी कळले. एका खेड्यातून फोन आला. अत्याचाराच्या प्रकरणातले कुटुंब, खटला अजून उभा. फोनवर म्हातारे बाबा विचारत होते, “दादाकडं आमची फाईल होती. ती कुणाकडं आली?”

ज्यांनी ॲट्रॉसिटीच्या प्रकरणात काम केले आहे त्यांना ‘फाईल’ म्हणजे काय ते वेगळे सांगायला नको. तक्रार घेऊन ठाण्यात कोणत्या दिवशी गेलो, किती तास बसवून ठेवले, पंचनाम्याला कोण हजर होते, साक्षीदारावर दबाव कोणत्या तारखेला आला, या सगळ्या नोंदी त्यात असतात. १९८९ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तो खरोखर कोणी केला, याची टिपणे कार्यकर्त्याच्या डायरीतच सापडतात. ती डायरी किलोच्या भावाने गेली.

आठवण म्हणजे काही भावुक मंडळींचा छंद नव्हे, हे मला त्या दिवशी कळले. आपल्या समाजात आठवण हा पुरावाही असतो.

आपण श्राद्ध नाकारले, त्या जागी काय ठेवले?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जनतेला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, अशी एक प्रतिज्ञा आहे. तिचा अर्थ आपण सहसा एवढाच घेतो की भटजी बोलवायचा नाही, कावळ्याची वाट पाहायची नाही. ते बरोबरच आहे. पण तिच्या पोटात एक जबाबदारीही आहे. गेलेल्या माणसाचे देणे परलोकात पोहोचवता येत नाही, हे एकदा मान्य केले की ते देणे इथेच, याच जगात फेडावे लागते. त्याच्या लेकरांच्या शिक्षणाचे काय, त्याने हाती घेतलेल्या प्रकरणांचे काय, त्याने जमवलेल्या ज्ञानाचे काय, याचा हिशेब जिवंत माणसांनाच करावा लागतो. श्राद्ध नाकारले आणि त्या जागी फक्त बॅनर आला, तर आपण एक कर्मकांड काढून दुसरे बसवले एवढेच.

या बाबतीत आपल्याकडे अडीच हजार वर्षांपूर्वीचे उदाहरण आहे. महापरिनिब्बान सुत्तात कुसिनाऱ्याचा प्रसंग येतो. तथागतांच्या अंत्यसंस्कारानंतर त्यांच्या अस्थींवर हक्क सांगायला ठिकठिकाणचे लोक येऊन धडकले. कुसिनाऱ्याचे मल्ल सुरुवातीला काही द्यायला तयार नव्हते. भांडण युद्धापर्यंत जाते की काय अशी वेळ आली. तेव्हा द्रोण नावाच्या ब्राह्मणाने मध्यस्थी करून अस्थींचे आठ समान भाग केले. वाटणीचे पात्र त्याने स्वतःसाठी मागून घेतले. पिप्फलिवनाचे मोरिय उशिरा पोहोचले, त्यांना चितेचे निखारे मिळाले. आठ भाग, एक पात्र, एक निखाऱ्यांचा ठेवा, आणि त्यावर दहा स्तूप.

मला हा प्रसंग फार माणसाचा वाटतो. प्रिय व्यक्तीची निशाणी आपल्याकडे असावी ही ओढ तेव्हाही होती, आजही आहे. आमच्यातल्या स्वेटरवाल्या मित्राची ओढ तीच. तिची टिंगल करायचे कारण नाही.

पण तिथेच थांबले असते तर आज आपल्या हातात स्तूप असते, धम्म नसता. त्याच काळात सुभद्द नावाचा एक भिक्खू, म्हातारपणी प्रव्रज्या घेतलेला, इतरांना सांगत होता की रडता कशाला, आता आपल्याला हे करा, ते करू नका, असे सांगणारा कोणी उरला नाही, आपण मोकळे झालो. हे ऐकून महाकस्सप सावध झाले. गुरू गेल्यावर गुरूचे म्हणणे सोयीप्रमाणे बदलायला वेळ लागत नाही, हे त्यांनी ओळखले. मग राजगृहात पाचशे भिक्खूंची संगीती भरली.

या संगीतीची पद्धत कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. तिथे कोणी गौरवपर भाषणे केली नाहीत. महाकस्सपांनी प्रश्न विचारले. हा नियम कुठे घालून दिला? कोणाच्या संदर्भात? कोणत्या घटनेमुळे? विनयाची उत्तरे उपालींनी दिली, धम्माची आनंदांनी. सगळ्यांनी ऐकले, पडताळले आणि मग एकत्र पठण करून पक्के केले. यातले उपाली हे शाक्यांचे न्हावी होते. संघाच्या शिस्तीची सगळी स्मृती संघाने एका न्हाव्याच्या तोंडून मान्य केली. ज्यांना वाटते की इतिहास लिहिणे हे मोठ्या लोकांचे काम आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. याच संगीतीच्या वेळी आनंदांना त्यांच्या चुकाही विचारल्या गेल्या. किरकोळ नियम कोणते, हे तथागतांना विचारून का ठेवले नाही, असा एक आक्षेप होता. पंचवीस वर्षे सावलीसारखी सेवा केलेल्या माणसालाही प्रश्न विचारले गेले. म्हणजे दुःखाच्या वेळीसुद्धा संघाने सत्याशी तडजोड केली नाही.

निशाणी वाटून घेणे ही पहिली पायरी, आठवण तपासून, पक्की करून सगळ्यांची करणे ही दुसरी. आपण पहिल्या पायरीवरच थांबतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

मित्रांनी जपले म्हणून राहिले

आपल्या माणसांच्या आठवणी सरकारी दफ्तर जपेल, विद्यापीठ जपेल, वर्तमानपत्र जपेल, या भ्रमात राहू नका. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले आणि वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड काढला १९७९ साली. मधे २३ वर्षे गेली. संविधानाच्या शिल्पकाराबाबत ही गत असेल, तर तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या डायरीची फिकीर कोण करणार?

जे राहिले ते आपल्याच माणसांच्या धडपडीने राहिले. बाबासाहेबांच्या काळातल्या चळवळीत स्त्रिया होत्या, हे सगळ्यांना मोघम माहीत होते. पण ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी त्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या स्त्रियांच्या दारात गेल्या, त्यांच्याशी बोलल्या, त्यांनी सांगितलेले लिहून घेतले, आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक आले. त्या गेल्या नसत्या तर त्या स्त्रियांबरोबर तो इतिहासही गेला असता. पुरुषांच्या अभिवादन सभांतून तो कधीच बाहेर आला नसता.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्याचा निषेध करणाऱ्या वस्तीवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जणांचा जीव गेला. शाहीर विलास घोगरे यांना ते सहन झाले नाही, काही दिवसांतच त्यांनी आपले जीवन संपवले. माहितीपटकार आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे पूर्वीच ‘हमारा शहर’ या माहितीपटासाठी चित्रित केलेले होते. या ओळखीच्या शाहिराच्या मृत्यूचा शोध घेत पटवर्धन वस्त्या-वस्त्यांत, कलापथकांत, कोर्टात फिरत राहिले आणि १४ वर्षांनी, २०११ मध्ये, ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण झाला. त्यातल्या राजकारणाशी तुमचे-माझे मतभेद असू शकतात. पण शोक १४ वर्षे कामाला लावला की काय उभे राहते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

आणि आपल्या पिढीचे उदाहरण रोहित वेमुलाचे. हैदराबाद विद्यापीठात पाच विद्यार्थ्यांना वसतिगृहाबाहेर काढले गेले. त्यांनी आवारात उघड्यावर ‘वेलिवाडा’ उभारला. तेलुगूत वेलिवाडा म्हणजे गावकुसाबाहेरची आपली वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. त्याचे शेवटचे पत्र देशभर वाचले गेले. त्याच्या मित्रांनी त्याचे फोटो, त्याचे शब्द, त्याच्या सोबतच्या आठवणी लोकांपर्यंत नेल्या. फेसबुकवरचे त्याचे लिखाण निखिला हेन्री यांनी संपादित करून पुस्तकरूपाने आणले. हे लिखाण विखुरलेले राहिले असते तर काय झाले असते? मे २०२४ मध्ये तेलंगणा पोलिसांचा प्रकरण बंद करण्याचा अहवाल समोर आला. त्यात रोहित अनुसूचित जातीचा नव्हताच, असे म्हटले होते. संताप उसळल्यावर पुढील तपास करण्याची भाषा पोलिसांना करावी लागली. मेलेल्या माणसाची जातसुद्धा कागदावर बदलता येते, मित्रहो. अशा वेळी त्याने स्वतः काय लिहिले, तो कसा जगला, त्याला कशाने छळले, याची साक्ष मित्रांनी जपलेल्या शब्दांतच असते.

समाजशास्त्र शिकताना फ्रेंच अभ्यासक मॉरिस हाल्बवाक्स यांची मांडणी वाचली होती. माणूस एकटा आठवत नाही, तो ज्या समूहात राहतो त्या समूहाच्या चौकटीत आठवतो. समूह विखुरला की आठवणही विरते. हे हाल्बवाक्स स्वतः १९४५ साली नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मेले. परीक्षेसाठी पाठ केलेली ही मांडणी मला वहिनींच्या खोलीत समजली. आम्ही पांगलो होतो, म्हणून त्याची आठवणही तुकड्यातुकड्यांत पांगली होती. पाने शेजारी ठेवली तेव्हा ती जुळली.

तीन आक्षेप

हे मी काही कार्यकर्त्यांसमोर मांडले तेव्हा तीन आक्षेप आले. तिन्ही प्रामाणिक होते, म्हणून उत्तर देतो.

पहिला आक्षेप : सगळे अनित्य आहे असे आपण मानतो. मग वस्तू जपण्याचा हा सोस बौद्धांना शोभतो का? यावर माझे म्हणणे असे की अनित्यता हे निष्काळजीपणाचे निमित्त होऊ शकत नाही. उलट सगळे नाश पावणारे आहे हे माहीत असलेला माणूसच वेळेत पावले उचलतो. महाकस्सपांनी तेच केले. स्वेटर कुजणार, डायरीला वाळवी लागणार, मोबाईल बिघडणार. म्हणूनच त्यातला माणसांच्या उपयोगाचा भाग आज उतरवून घ्यायचा. वस्तूला चिकटून बसणे वेगळे आणि वस्तूतली साक्ष वाचवणे वेगळे.

दुसरा आक्षेप : यातून व्यक्तिपूजा वाढेल. हा धोका खरा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो आपण सोयीने विसरतो. पण व्यक्तिपूजा कशाने वाढते? ‘झुंजार’, ‘लढवय्या’, ‘भीमसैनिक’ अशा विशेषणांनी वाढते. तपशिलांनी ती कमी होते. आमचा मित्र झुंजार होता, तसाच तो हट्टीही होता. दवाखान्याच्या पैशातून त्याने मोर्चाच्या गाड्यांचे भाडे भरले, हे आम्ही कौतुकाने सांगत होतो. वहिनींनी त्या गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला : त्या महिन्यात त्याची औषधे बंद होती आणि घर त्यांच्या शिवणकामावर चालले होते. आमच्या चारशे संदेशांत वहिनींच्या शिलाई मशीनचा एकदाही उल्लेख नव्हता. खरी आठवण ही दोन्ही बाजू सांगणारी असते. ती मूर्ती बनवत नाही. ती पुढच्या कार्यकर्त्याला सांगते, बाबा रे, औषधे बंद करू नकोस.

आणि ती आपल्यालाही काही विचारते. तो आठ महिने आजारी असताना त्या ग्रुपवर त्याची विचारपूस करणारे संदेश किती होते? मी मागे जाऊन मोजले. अकरा. त्यातले दोन माझे. मृत्यूनंतर चारशे आणि जिवंतपणी अकरा, हा आपल्या अभिवादनाचा ताळेबंद आहे. आनंद महापरिनिब्बानाच्या आधी दाराला टेकून रडत होते, तेव्हा तथागतांनी त्यांना बोलावून सगळ्या भिक्खूंसमोर त्यांच्या सेवेचे गुण सांगितले. ऐकायला आनंद समोर होते. चांगले शब्द माणसाच्या कानावर पडतील अशा वेळी बोलावेत.

तिसरा आक्षेप : रोजचे अन्याय समोर असताना मेलेल्यांच्या कागदांना वेळ कोण देणार? त्या खेड्यातल्या बाबांचा फोन हेच याचे उत्तर. ते कागद जिवंत माणसांच्या खटल्याचे होते.

मग करायचे काय?

फार मोठे काही नाही. पैसाही फारसा लागत नाही. आमच्या चुकीतून जे शिकलो ते सांगतो.

एक. कार्यकर्ता गेला की पहिल्या आठवड्यात दोन जबाबदार मित्रांनी घरी जावे आणि कुटुंबाला सांगावे की कागद, डायऱ्या, फोटो, मोबाईल, काहीही टाकू नका, आम्ही येऊन बघतो. जागेची अडचण असेल तर तात्पुरती जागा आपण द्यावी. दहा बाय बाराच्या खोलीत पोती सांभाळायला सांगणे हा उपदेश झाला, मदत नव्हे.

दोन. चालू प्रकरणांच्या फायली सगळ्यात आधी वेगळ्या काढाव्यात आणि संबंधित कुटुंबाकडे किंवा वकिलाकडे पोहोचवाव्यात. हे काम अभिवादन सभेच्या आधीचे आहे.

तीन. मूळ वस्तूवर हक्क कुटुंबाचा. आपण मोबाईलने स्वच्छ फोटो काढून प्रत ठेवावी आणि मूळ परत करावे. नेत्याच्या घरी किंवा कार्यालयात गेलेली वस्तू परत येत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे.

चार. प्रत्येक फोटोबरोबर चार गोष्टी लिहाव्यात : कोण, कुठे, कधी, कोणी सांगितले. डावीकडून तिसरा माणूस कोण, हे आज माहीत आहे. दहा वर्षांनी कोणालाच माहीत नसेल.

पाच. आठवण सांगणाऱ्याला महाकस्सपांसारखे प्रश्न विचारावेत. ‘दादांचे कार्य महान होते’ यावर थांबू नये. कोणते कार्य? कोणत्या गावात? सोबत कोण होते? शेवट काय झाला? आणि आधी घरातल्या स्त्रियांना विचारावे.

सहा. काय पसरवायचे नाही, हेही ठरवावे. पीडित कुटुंबांची नावे, खाजगी पत्रे, कर्जाच्या गोष्टी, रात्री हताश होऊन पाठवलेले त्याचे आवाजी संदेश हे वाटून घेण्याचे साहित्य नव्हे. आमच्या ग्रुपवर एकाने दवाखान्यातला त्याचा शेवटचा, नळ्या लावलेला फोटो टाकला. भावनेच्या भरात टाकला. तो फिरत फिरत त्याच्या १४ वर्षांच्या मुलाच्या मोबाईलवर गेला. त्या मुलाला वडिलांचा तो चेहरा आता आयुष्यभर आठवणार. मेलेल्या माणसाचीही प्रतिष्ठा असते, आणि तिचे रक्षण करणे ही मैत्रीच आहे.

सात. या सगळ्याची एक प्रत वस्तीतल्या बुद्धविहारात ठेवावी. आपली विहारे रविवारच्या वंदनेपुरती उघडतात. एक कपाट, एक वही आणि एक जबाबदार मुलगा किंवा मुलगी एवढ्यावर वस्तीचे दफ्तर उभे राहते. दर वर्षी त्या माणसाच्या स्मृतिदिनी हाराबरोबर त्याची एक डायरी उघडून वाचावी.

त्या म्हाताऱ्या बाबांच्या फाईलचे काय झाले, हे सांगून थांबतो. पूर्ण फाईल मिळाली नाही. आम्ही चौघे बसलो, कोण त्याच्याबरोबर कधी त्या गावाला गेले होते ते आठवले. एकाच्या जुन्या मोबाईलमध्ये तक्रारीच्या पानांचे फोटो निघाले. दुसऱ्याला एका साक्षीदाराचे गाव आठवले. एक तारीख आम्हाला चैत्यभूमीच्या पुस्तिकेवरून लावता आली, कारण त्या वर्षी तो गावातल्या तक्रारीवरून थेट दादरला गेला होता आणि तसे त्याने पहिल्या पानावर लिहिले होते. जेवढे जमले तेवढे वकिलांकडे दिले. ते पुरेसे ठरेल का, हे कोर्टात ठरेल. पोती वेळेत मागितली असती तर ही वेळ आली नसती, ही बोच मात्र आमची आम्हालाच वागवायची आहे.

तुमच्या ओळखीत असा एखादा माणूस आज जिवंत असेल. थकलेला असेल, कदाचित आजारी असेल. त्याच्या घरी जा. औषधे चालू आहेत का विचारा. आणि मग विचारा, दादा, तुमच्या डायऱ्या कुठे ठेवल्यात?

जय भीम.